शिकारी रायफलींसह आंतरराष्ट्रीय विमानप्रवास

शिकारी रायफलींसह आंतरराष्ट्रीय विमानप्रवास म्हणजे शिकारीसाठी कायदेशीररीत्या बाळगलेली स्वतःची रायफल वा बंदूक आणि तिची काडतुसे प्रवासी विमानाच्या चेक-इन सामानातून एका देशातून दुसऱ्या देशात तात्पुरती नेणे व परत आणणे होय. अशा प्रवासात एकाच वेळी चार प्रकारचे नियम लागू होतात: निर्गमनाच्या देशाचा निर्यातविषयक कायदा, मधल्या थांब्याच्या देशाचा शस्त्रकायदा, गंतव्य देशाचा तात्पुरत्या आयातीचा परवाना आणि विमानकंपनीच्या स्वतःच्या अटी. यांपैकी एक जरी अपुरा राहिला तरी बंदूक जप्त होऊ शकते आणि प्रवाशाला अटकही होऊ शकते. त्यामुळे अशा प्रवासात भाड्यापेक्षा मार्गाची निवड अधिक महत्त्वाची ठरते. हे नियम वारंवार बदलतात. येथे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप दिले आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परदेशी शिकारी आफ्रिकेत आगबोटीने जात. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली मोठा शस्त्रसाठा घेऊन मोंबासा बंदरात उतरले आणि तेथून रेल्वेने केनियाच्या अंतर्भागात गेले. बंदुका पेट्यांमध्ये भरून जहाजावर चढवल्या जात आणि बंदरावरील जकात अधिकाऱ्याकडे त्यांची नोंद होई. दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रवास विमानाने होऊ लागला.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस विमान अपहरणांचे प्रमाण वाढले. अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून सर्व प्रवासी व त्यांच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. मार्च १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (इकाओ) १९४४ च्या शिकागो कराराला सुरक्षाविषयक सतरावे परिशिष्ट जोडले. तेव्हापासून शस्त्राला प्रवासी कक्षात जागा उरली नाही. ते केवळ सामानकक्षातून, प्रवाशाच्या हाती लागणार नाही अशा रीतीने नेता येते. याच काळात शिकारीचा भूगोलही बदलला. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली आणि परदेशी शिकाऱ्यांचा ओघ हळूहळू दक्षिणेकडे, विशेषतः दक्षिण आफ्रिका, नामिबिया व झिम्बाब्वे या देशांकडे वळला. आज या प्रवासाची चर्चा प्रामुख्याने जोहान्सबर्ग आणि विंडहुक या दोन विमानतळांभोवती फिरते.

आंतरराष्ट्रीय नियम

सतराव्या परिशिष्टानुसार सामानकक्षात ठेवायचे शस्त्र भरलेले नाही याची खात्री अधिकृत व प्रशिक्षित व्यक्तीने करावी लागते. काडतुसांचा विषय मात्र सुरक्षेचा नसून धोकादायक मालाचा मानला जातो आणि तो १९८१ साली स्वीकारलेल्या अठराव्या परिशिष्टात व त्याखालील तांत्रिक सूचनांत येतो. विमानकंपन्यांची संघटना आयाटा याच सूचनांवर आधारित नियमावली दरवर्षी प्रसिद्ध करते. तिच्यानुसार प्रवाशाला फक्त १.४ एस या वर्गातील काडतुसे (यूएन ००१२ आणि यूएन ००१४) नेता येतात. ती स्वतःच्या वापरासाठीच असावी लागतात, वेष्टनासह एकूण वजन ५ किलोग्रॅमपेक्षा अधिक असू नये आणि त्यासाठी विमानकंपनीची संमती आवश्यक असते. स्फोटक किंवा आग लावणाऱ्या गोळ्या असलेली काडतुसे पूर्णतः निषिद्ध आहेत. दोन प्रवाशांची मर्यादा एकत्र करून एकाच पेटीत १० किलोग्रॅम काडतुसे ठेवता येत नाहीत. पती-पत्नी एकत्र प्रवास करत असले तरी प्रत्येकाची पेटी वेगळी लागते. सुटी दारू व काडतुसे भरण्यासाठी लागणाऱ्या टोप्या (प्रायमर) प्रवासी सामानातून नेता येत नाहीत.

५ किलोग्रॅम हा आकडा कागदावर मोठा वाटला तरी प्रत्यक्षात तो फार मोठा नाही. .३०-०६ या प्रचलित आकाराचे एक काडतूस साधारण २७ ग्रॅमचे असते, म्हणजे खोकी धरून दीडशे ते पावणेदोनशे काडतुसे बसतात. रानगव्यासारख्या मोठ्या जनावरासाठी वापरल्या जाणाऱ्या .३७५ आकाराचे काडतूस सुमारे ४० ग्रॅमचे असल्याने ही संख्या शंभर-सव्वाशेवर येते. पक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणारी १२ बोअरची छर्ऱ्याची काडतुसे तर शंभराच्या आसपासच मावतात आणि पारव्यांच्या शिकारीत ती एका सकाळीही संपू शकतात. म्हणूनच छर्ऱ्याची काडतुसे बहुधा गंतव्य देशातच विकत घेतली जातात. अनेक देशांच्या कायद्यांतील काडतुसांची मर्यादा याहून सैल असते, परंतु विमानाने जाणाऱ्यास तिचा उपयोग होत नाही.

बांधणी व तपासणी

रायफल बंद न वाकणाऱ्या, कठीण कवचाच्या पेटीत ठेवावी लागते. पेटीला कुलपे असावीत आणि कुलूप लावल्यावर तिचा कोणताही कोपरा उचकटून आत हात घालता येऊ नये. अमेरिकी नियमानुसार किल्ली किंवा आकडा केवळ प्रवाशाकडे असावा लागतो. रायफलीचा बोल्ट काढून वेगळा ठेवण्याची अट अनेक विमानकंपन्या घालतात. अट नसली तरी तसे करणे सोयीचे असते, कारण बोल्ट नसलेली नळी रिकामी आहे हे अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळते. काडतुसे मूळ खोक्यात किंवा प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र खाच असलेल्या डबीत ठेवावी लागतात. ती बंदुकीच्याच पेटीत ठेवावीत की वेगळ्या कुलूपबंद डब्यात, याबाबत कंपन्या व देश यांच्यात एकवाक्यता नाही. त्यामुळे लहानसा वेगळा कुलूपबंद डबा तयार ठेवून तो दुसऱ्या बॅगेत घालण्याची पद्धत सर्वत्र चालते.

बंदूक चेक-इन खिडकीवर तोंडी जाहीर करावी लागते, एका घोषणापत्रावर सही करावी लागते आणि नंतर पेटी मोठ्या आकाराच्या सामानाच्या पट्ट्याने जाते. दुर्बीण, हातातील बॅग किंवा शिकारीच्या जाकिटाचे खिसे यांत राहून गेलेले एखादे काडतूस हे अशा प्रवासातील अडचणींचे फार सामान्य कारण आहे. त्यामुळे शूटिंग रेंजवर नेलेली बॅग प्रवासासाठी वापरू नये, असा सल्ला जवळपास सर्वच मार्गदर्शक पुस्तिका देतात.

मार्गाची निवड

या प्रवासाचे मूळ तत्त्व असे की बंदूक जितक्या कमी देशांच्या भूमीवर उतरेल तितके बरे. थेट उड्डाण महाग असले तरी त्यात दोनच देशांचे कायदे पाळावे लागतात. अमेरिकेतून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या शिकाऱ्यांमध्ये अटलांटा–जोहान्सबर्ग व नेवार्क–जोहान्सबर्ग ही सुमारे पंधरा तासांची थेट उड्डाणे लोकप्रिय असण्याचे हे प्रमुख कारण आहे.

थांबा घ्यावाच लागल्यास पहिला प्रश्न तिकिटाचा असतो. सर्व टप्पे एकाच तिकिटावर असतील आणि सामानाची चिठ्ठी अंतिम गंतव्यापर्यंतची असेल, तर बंदूक एका विमानाच्या पोटातून दुसऱ्या विमानाच्या पोटात जाते. प्रवासी व बंदूक यांची मधल्या देशात गाठ पडत नाही. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, तर प्रवाशाला मधल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते आणि त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने त्याने बंदूक त्या देशात आयात केलेली असते. ग्रेट ब्रिटनमध्ये यासाठी अभ्यागताचा शस्त्रपरवाना लागतो आणि त्याचा अर्ज तेथील रहिवासी प्रायोजकालाच करता येतो. हीथ्रोवर उतरून गॅटविकहून पुढचे विमान धरणाऱ्या प्रवाशाला याची कल्पना नसेल, तर त्याचा प्रवास तेथेच संपतो.

सामान थेट पुढे जात असले तरी काही देश नुसत्या संक्रमणासाठीही पूर्वसंमती मागतात. ॲम्स्टरडॅममार्गे जाताना नेदरलँड्सच्या सीमाशुल्क खात्याची लेखी संमती आधी मिळवावी लागते. आखाती देशांतील मोठ्या विमानतळांवरून जाताना विमानकंपनीमार्फत पूर्वपरवानगी घ्यावी लागते. त्यासाठी बंदुकीचा निर्माता, आकार, क्रमांक आणि काडतुसांची संख्या आगाऊ कळवावी लागते. विमानतळावर पोहोचल्यावर ही माहिती देऊन भागत नाही.

दुसरा प्रश्न विमान प्रत्यक्ष कोण चालवते हा आहे. कोडशेअर पद्धतीत तिकीट एका कंपनीचे व विमान दुसऱ्या कंपनीचे असू शकते. अशा वेळी ज्या कंपनीचे विमान असेल तिची संमती लागते आणि तिकीट विकणाऱ्या कंपनीने दिलेले आश्वासन पुरेसे ठरत नाही. आफ्रिकेतील शेवटचा टप्पा बहुधा छोट्या विमानाचा असतो. काही छोट्या प्रादेशिक कंपन्या शस्त्रे नेतच नाहीत. चार्टर विमानांत सामानाची मर्यादा पंधरा-वीस किलोग्रॅमच असते, मऊ पिशव्यांचा आग्रह असतो आणि सव्वा मीटर लांबीची कठीण पेटी सामानाच्या दारातून आत जाईलच असे नाही. यासाठी काही शिकारी दोन भागांत सुटणारी रायफल पसंत करतात, तर काही जण शेवटचा टप्पा मोटारीने करतात.

तिसरा प्रश्न वेळेचा आहे. दोन विमानांमध्ये दीड तासाचे अंतर साध्या प्रवाशाला पुरते. बंदुकीच्या पेटीला ते पुरत नाही, कारण ती नेहमीच्या पट्ट्यावरून येत नाही आणि अनेक ठिकाणी पोलिसांच्या हातून जाते. पेटी मागे राहिली तर ती दुसऱ्या दिवशी येते, परंतु ती सोडवून घेण्यासाठी मालकाला परवान्यासह जातीने हजर राहावे लागते. तोवर तो शेकडो किलोमीटर दूर शिकारतळावर पोहोचलेला असतो.

विमान चुकल्यास काय घडू शकते याचे बहुचर्चित उदाहरण अमेरिकेतील आहे. २००५ साली युटा राज्यातून पेनसिल्व्हेनियाला जाणाऱ्या एका प्रवाशाचे नेवार्क येथील पुढचे विमान चुकले. त्याने सामान ताब्यात घेतले, रात्र हॉटेलात काढली आणि दुसऱ्या दिवशी नियमानुसार शस्त्र जाहीर करताच न्यू जर्सीच्या कायद्याखाली त्याला अटक झाली. तो चार दिवस कोठडीत होता. आरोप पुढे मागे घेण्यात आले, मात्र त्याने केलेला नुकसानभरपाईचा दावा २०१० साली संघीय अपील न्यायालयाने फेटाळला. शस्त्रासह राज्ये ओलांडणाऱ्यांना १९८६ च्या संघीय कायद्याने दिलेले संरक्षण बंदूक प्रवाशाच्या हाताशी नसेल तरच मिळते, असे न्यायालयाने म्हटले. ते शस्त्र पिस्तूल होते आणि प्रवास देशांतर्गत होता. तरीही परदेशातून परतताना न्यूयॉर्क परिसरातील विमानतळांवर थांबा घेणाऱ्या शिकाऱ्यांना हा निकाल आवर्जून सांगितला जातो. अशा प्रसंगी सामान ताब्यात न घेता ते विमानकंपनीच्याच कब्जात राहू द्यावे, असा सल्ला दिला जातो.

दक्षिण आफ्रिका

दक्षिण आफ्रिकेत २००० सालचा शस्त्र नियंत्रण कायदा लागू आहे. परदेशी शिकाऱ्याला पोलीस खात्याचा ‘एसएपीएस ५२०’ हा अर्ज भरून तात्पुरता आयात परवाना घ्यावा लागतो. अर्ज काळ्या शाईने भरावा लागतो आणि त्यावरील सही अधिकाऱ्यासमोरच करावी लागते. घरून सही करून आणलेला अर्ज नाकारला जाऊ शकतो. सोबत पारपत्र, परतीचे तिकीट, शिकार आयोजकाचे निमंत्रणपत्र आणि मालकीचा पुरावा जोडावा लागतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. सर्वसाधारणपणे एका आकाराची एकच बंदूक व प्रत्येक बंदुकीमागे जास्तीत जास्त २०० काडतुसे नेता येतात, आणि काडतुसे सोबतच्या बंदुकीच्या आकाराचीच असावी लागतात. स्वयंचलित व अर्धस्वयंचलित रायफलींना शिकारीसाठी परवानगी मिळत नाही. प्रिटोरिया येथील केंद्रीय शस्त्र नोंदणी कार्यालयाकडे आगाऊ अर्ज करून पूर्वमंजुरीही घेता येते.

जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळावर पोलिसांचे स्वतंत्र शस्त्र कार्यालय आहे. तेथे पेटी उघडून बंदुकीवरील क्रमांक अर्जाशी ताडून पाहिला जातो. पहाटे एकाच सुमारास अनेक लांब पल्ल्याची विमाने उतरत असल्याने हंगामात, म्हणजे साधारण मे ते सप्टेंबर या काळात, तेथे मोठी रांग लागते. त्यामुळे पुढचे देशांतर्गत विमान किमान तीन-चार तासांनंतरचे घ्यावे किंवा पहिली रात्र जोहान्सबर्गमध्येच काढावी, अशी प्रथा पडली आहे.

मालकीच्या पुराव्याचा प्रश्न विशेषतः अमेरिकी नागरिकांपुढे उभा राहतो, कारण अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत रायफलीला परवानाच नसतो. परदेशी पोलिसांना मात्र सरकारी शिक्का असलेला कागद हवा असतो. ही उणीव अमेरिकी सीमाशुल्क विभागाच्या ‘४४५७’ क्रमांकाच्या नमुन्याने भरून निघते. परदेशी नेलेली वस्तू परत आणताना तिच्यावर कर लागू नये एवढाच या नमुन्याचा हेतू आहे. कॅमेरा किंवा घड्याळासाठीही तोच वापरतात. आफ्रिकेत मात्र तो बंदुकीचा परवाना म्हणून ओळखला जातो. त्याच्या कोपऱ्यात छापलेली तारीख नमुन्याच्या छपाईला मिळालेल्या मंजुरीची असते, प्रमाणपत्राच्या मुदतीची नव्हे. तरीही ती उलटून गेल्यास दक्षिण आफ्रिकी पोलीस हरकत घेतात, म्हणून शिकारी संघटना नवीन तारखेचा नमुना घेण्यास सांगतात.

शेजारचे देश

नामिबियात तात्पुरता परवाना विंडहुकजवळील होसिया कुटाको विमानतळावरच मिळतो आणि ही पद्धत दक्षिण आफ्रिकेच्या तुलनेत सोपी मानली जाते. मात्र शिकारीसाठी पिस्तूल आणण्यास तेथे मनाई आहे. बोट्स्वानाने २०१४ साली शिकारीवर बंदी घातली होती, ती २०१९ साली उठवली. जोहान्सबर्गमार्गे या देशांत जाणाऱ्यांनी सामानाची चिठ्ठी अंतिम गंतव्यापर्यंतची असल्याची खातरजमा पहिल्याच विमानतळावर करणे आवश्यक असते. मुक्काम करायचा असल्यास किंवा सामान ताब्यात घ्यावे लागल्यास दक्षिण आफ्रिकेचा परवाना वेगळा काढावा लागतो.

युरोप

युरोपीय संघातील रहिवाशांसाठी १९९१ च्या निर्देशाने ‘युरोपीय शस्त्र पासपोर्ट’ ही सोय निर्माण केली. त्यात मालकाच्या बंदुकांची नोंद असते आणि तो जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी दिला जातो. शिकारी व नेमबाज या पासपोर्टवर, निमंत्रणासारखा प्रवासाच्या हेतूचा पुरावा दाखवून, एका सदस्य देशातून दुसऱ्यात जाऊ शकतात. सदस्य देशांना जादा अटी घालण्याची मुभा असल्याने ही सोय सर्वत्र सारखी नाही. संघाबाहेर जाणाऱ्या शिकाऱ्याला २०१२ च्या नियमावलीने निर्यात परवान्यातून सूट देताना काडतुसांची मर्यादा ८०० ठेवली. नेमबाजांसाठी ती १२०० आहे. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतर ब्रिटिश शिकाऱ्यांना हा पासपोर्ट मिळेनासा झाला आणि स्कॉटलंडमध्ये सांबरवर्गीय हरणांच्या शिकारीसाठी येणाऱ्या युरोपीय पाहुण्यांनाही त्याचा उपयोग उरला नाही.

कॅनडा, अमेरिका व न्यूझीलंड

कॅनडात परदेशी शिकाऱ्याने पहिल्या प्रवेशस्थानावर सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर अनिवासी शस्त्र घोषणापत्र भरायचे असते. २५ कॅनेडियन डॉलर शुल्क भरून ते मंजूर झाले की ६० दिवसांसाठी परवान्याचे काम करते. अमेरिकेत जाणाऱ्या परदेशी शिकाऱ्याला ‘६ एनआयए’ हा आयात परवाना प्रवासाआधीच मिळवावा लागतो.

न्यूझीलंडमध्ये तांबड्या हरणांच्या व ताहरच्या शिकारीसाठी जाणाऱ्यांना अभ्यागत परवाना लागतो. मार्च २०१९ मधील क्राइस्टचर्च हत्याकांडानंतर तेथे बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली. ऑस्ट्रेलियात सामान उतरवून घ्यावे लागल्यास तेथील आयात परवानगीचा स्वतंत्र व्याप मागे लागतो. म्हणून थेट ऑकलंडला जाणारे विमान निवडले जाते.

भाड्याची रायफल

या सर्व खटाटोपाला पर्याय म्हणून बहुतेक शिकार आयोजक भाड्याने रायफल देतात. दोन-तीन देशांत थांबत जाणाऱ्या किंवा कुटुंबासह पर्यटन करणाऱ्या प्रवाशासाठी तोच व्यवहार्य मार्ग ठरतो. सवयीच्या रायफलीचा खटका, दस्ता व दुर्बीण यांची ओळख असल्याने नेम अचूक लागतो व जनावर जखमी होऊन पळून जाण्याचा संभव कमी होतो, हा स्वतःची रायफल नेणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद आहे आणि तो बिनतोड नसला तरी वजनदार आहे. प्रवासात दुर्बिणीला धक्का बसून नेम सरकतो, म्हणून तळावर पोहोचल्यावर नेलेली रायफलही कागदी लक्ष्यावर तपासून घ्यावी लागते.

ट्रॉफींची वाहतूक

शिंगे, कातडी व मुंडकी यांची वाहतूक हा बंदुकीच्या वाहतुकीहून वेगळा विषय आहे, मात्र दोहोंची गल्लत नेहमी होते. जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील सिसिल या सिंहाच्या शिकारीवरून जगभर संताप उसळला. त्यानंतर ऑगस्टमध्ये डेल्टा, युनायटेड व अमेरिकन या कंपन्यांनी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा व म्हैस यांच्या ट्रॉफी नेण्याचे थांबवले. साउथ आफ्रिकन एअरवेजने त्याच वर्षी एप्रिलमध्ये घातलेली अशीच बंदी जुलैमध्ये मागे घेतली होती. ट्रॉफी न नेणारी कंपनी बंदूक नेतेच असे नाही आणि नेत नाही असेही नाही; डेल्टाने ट्रॉफी नाकारल्या तरी शिकारी तिच्याच विमानाने रायफली नेत राहिले. ट्रॉफी सहसा काही महिन्यांनी, प्रक्रिया पूर्ण झाल्यावर, मालवाहतुकीने पाठवली जाते आणि संरक्षित प्रजातींसाठी साइट्स कराराखालील परवाने लागतात.

भारताशी संबंध

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर बंदी आणली, त्यामुळे परदेशी शिकारी बंदुका घेऊन भारतात येण्याचा प्रश्न उरला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १० मध्ये मात्र परदेशी पर्यटकाने केवळ क्रीडेसाठी वाजवी प्रमाणात शस्त्रे सोबत आणण्याची तरतूद अजूनही आहे. भारतातून शिकारीसाठी आफ्रिकेत जाणारे थोडे लोक बहुधा भाड्याचीच रायफल वापरतात.

विमानाने रायफली नेणारे भारतीय मुख्यतः नेमबाज आहेत. २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळवणारी कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे यांच्यासारख्या खेळाडूंच्या रायफलींनाही कुलूपबंद पेटी, वेगळी काडतुसे आणि ५ किलोग्रॅमची मर्यादा हेच नियम लागू असतात. त्यांची कागदपत्रे बहुधा संघटनेमार्फत पुरी होतात, ही त्यांची जमेची बाजू.

भारतीय विमानतळांवर सामानात विसरून राहिलेले एखादे काडतूस सापडल्याने शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे नोंदवले जातात. अशा प्रकरणांत ‘जाणीवपूर्वक ताबा’ होता की नाही हा मुद्दा निर्णायक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात ताब्यासोबत जाणीव आवश्यक असल्याचे म्हटले होते. त्याच आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने एकट्यादुकट्या काडतुसाचे अनेक गुन्हे रद्द केले आहेत. तथापि गुन्हा रद्द होईपर्यंतचा काळ प्रवाशाला पोलीस ठाणे व न्यायालय यांच्या फेऱ्यांत घालवावा लागतो आणि ठरलेले विमान तर केव्हाच निघून गेलेले असते.